अशक्तपणालाही आकार असतो

नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनीत आठवडी बाजाराच्या दिवशी दवाखान्यांच्या बाकांवर बायका दाटीने बसलेल्या असतात. पायाशी भाजीची पिशवी, मांडीवर एखादं पोर, आणि नंबर आला की तक्रार बहुधा एकच: "हातपाय गळून जाते मॅडम. काही करूच वाटत नाही." डॉक्टरांनी काही विचारायच्या आत निदानही तीच सांगून टाकते आणि औषधही. "अशक्तपणा आहे. एक ताकदीची बाटली लावून द्या ना."

या बाटलीचा हिशेब एकदा मांडायला हवा. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. नुसतं सलाइन असेल तर साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. उलट्या-जुलाबांनी सुकलेल्या माणसाचा जीव ही बाटली वाचवते, यात शंका नाही. पण थकलेल्या बाईला तिच्यातून ताकद मिळत नाही. मिळतो तो तासभर भरदिवसा आडवं पडायचा हक्क, तोही कुणी टोमणा न मारता. त्याने बरं वाटतं, हे खरंच आहे. श्रेय तेवढं बाटलीला जातं.

अडचण त्या एका शब्दापासून सुरू होते. ‘अशक्तपणा’ म्हटलं की सगळं सांगून झाल्यासारखं वाटतं. तपासणीत हिमोग्लोबिन कमी आलं की त्याला ‘रक्त कमी’ म्हणतात आणि हातात गोळ्यांचं पाकीट पडतं. गरोदर नसलेल्या बाईत १२ ग्रॅमच्या खाली आणि गरोदर बाईत ११ च्या खाली हिमोग्लोबिन गेलं, की त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका या रेषेखाली निघाल्या. निम्म्या बायकांना जे आहे त्याला आजार तरी कोण म्हणणार? ‘बाईमाणसाला असायचंच’ या वाक्यात ते मुरून जातं.

पण त्याच रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर अशक्तपणा वेगवेगळे आकार घेतो. कुणाच्या तांबड्या पेशी लहान आणि फिक्या दिसतात. कुणाच्या गरजेपेक्षा मोठ्या. आणि पारशिवनी, रामटेक या पट्ट्यात असा थेंबही सापडतो ज्यात पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या असतात. तिन्ही बायका थकलेल्याच असतात, तक्रारही तीच सांगतात. उपचार मात्र निराळे आहेत.

लहान, फिक्या पेशी लोहाच्या कमतरतेच्या, आणि त्याच सर्वांत जास्त. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत ४० मिलिलिटर रक्त गेलं तर २० मिलिग्रॅम लोह गेलं. रक्तस्राव ८० मिलिलिटरच्या वर असेल तर ४० च्या पुढे. एका बाळंतपणाला सगळं मिळून हजार मिलिग्रॅमच्या आसपास लोह लागतं आणि बाईच्या शरीरातली शिल्लक असते सुमारे तीनशे. उरलेलं ताटातून यायचं. तिथे आपली भाकरी, भात, डाळ थोडी कंजूष आहे: धान्यातल्या फायटेटमुळे त्यातलं लोह जेमतेम काही टक्केच अंगी लागतं. जेवण झाल्या झाल्या कपभर चहा घेतला की त्यातलं टॅनिन तेही अडवतं. म्हणून लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि चहा तास-दोन तास लांब ठेवायचा. कॅल्शियमची गोळीही तिच्यासोबत नको, ती दुसऱ्या वेळेला. शौचाला काळं होतं ते गोळीमुळे, त्याला घाबरून पाकीट कोनाड्यात टाकू नये.

बीट आणि डाळिंबाबद्दल एक शब्द. दोन्ही लाल आहेत, म्हणून रक्त वाढवतात, अशी समजूत शिकलेल्या घरांतही पक्की आहे. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं, डाळिंबात त्याहून कमी. लाल रंगाचा आणि हिमोग्लोबिनचा काही संबंध नाही. त्यापेक्षा आपल्याकडची अंबाडीची भाजी लोखंडी कढईत शिजवावी. आंबट पदार्थ कढईचं लोह जास्त सोडवून घेतो. खाणाऱ्या घरात कलेजी आणि मटण यांतलं लोह शरीर सहज उचलतं. फक्त ते ताटात बाईपर्यंत पोचलं पाहिजे, आणि त्यावर आहारशास्त्राकडे उपाय नाही.

महिनाभर नीट गोळ्या घेतल्या की हिमोग्लोबिन साधारण एका ग्रॅमने तरी वाढायला हवं. वाढलं नाही तर दुसरं पाकीट लिहून देऊन भागत नाही. गोळ्या घेतल्या का, हे आधी विचारायचं, पण रागावून नाही. मळमळते म्हणून सोडल्या असतील तर जेवणानंतर किंवा रात्री घेऊन बघता येतं. घेतल्या असतील तर रक्त जातंय कुठे? पाळी सात दिवसांच्या पुढे जाते का, गाठी पडतात का, तासा-दोन तासांनी कापड बदलावं लागतं का? तांबी बसवल्यावर अंगावरून जास्त जायला लागलं का? गर्भाशयात गाठ असेल तर लोहाची गोळी गळक्या माठात पाणी भरल्यासारखी. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा एखादा डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात तपासणी, कारण तो कर्करोगाचा पहिला निरोप असू शकतो.

हे प्रश्न विचारायला सोपे, उत्तर द्यायला अवघड. याचा पुरावाही विदर्भातूनच आला. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या आणि जानेवारी १९८९ मध्ये निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, दर बाईमागे सरासरी साडेतीनहून जास्त आजार. त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या आठ टक्के. तोवर जग गावातल्या बाईकडे पाहत होतं ते बाळंतपणापुरतं आणि कुटुंबनियोजनापुरतं. तिला इतर वेळीही शरीर असतं, हे त्या लेखाने आकड्यांत दाखवलं.

मोठ्या पेशींची गोष्ट मुंबईची आहे आणि मराठी वाचकांना ती जितकी ठाऊक असायला हवी तितकी नाही. १९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत राबणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडून दगावत होत्या आणि लोहाने त्यांचं रक्त सुधारत नव्हतं. विल्सने परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना त्या बायका काय खातात याची नोंद केली. पुढे तेच निकृष्ट जेवण माकडांना देऊन बघितलं, त्यांचंही रक्त तसंच बिघडलं. बिअर गाळताना उरणाऱ्या यीस्टचा अर्क, ‘मार्माइट’ या नावाने विकला जाणारा, दिल्यावर माकडं सुधारली आणि बायकाही. त्या अर्कात नेमकं काय आहे हे तिला सांगता आलं नाही; बरीच वर्षं त्याला नुसतं ‘विल्स घटक’ म्हणत. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला आणि त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं. आज पारशिवनीची आशाताई गरोदर बाईच्या हातावर ठेवते त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. त्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या मागे परळ आहे.

आता विळ्यासारख्या पेशी. सिकल म्हणजे विळाच. धान कापणाऱ्या माणसांना हे नाव वेगळं समजवायला लागत नाही. १९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातल्या अशा पेशींचं पहिलं वर्णन छापलं. भारतात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत नोंदला गेला. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं आणि तेव्हापासून नागपूर या आजाराच्या नकाशावर आहे. इथे तो का, याचं उत्तर डासात आहे. या जनुकाची एकच प्रत असलेल्या मुलांना जीवघेण्या मलेरियापासून बराच बचाव मिळतो, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवून दिलं. ज्या जंगलपट्ट्यांत मलेरियाने पिढ्यानपिढ्या लेकरं नेली, तिथे हे जनुक टिकून राहिलं. पेंचच्या जंगलाला लागून असलेल्या गावांत ते सापडतं, यात नवल नाही. आदिवासींत ते आहे, अनुसूचित जातींत आहे, इतर समाजांतही आहे. जनुक जातीचा दाखला बघत नाही.

चूक केवढी, तर हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ कड्या असतात, त्यातली सहावी तेवढी बदललेली. ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन. पेशीने ऑक्सिजन सोडला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याच्या लांब कांड्या होतात आणि पेशी ताठर होऊन वाकते. निरोगी पेशी स्वतःची घडी घालून आपल्याहून अरुंद केशवाहिनीतून निसटते. ही अडकते, आणि मागचा रस्ता बंद होतो. म्हणून हाडं, सांधे, पाठ, पोट यांत असह्य कळ उठते. निरोगी पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते, म्हणून रक्त कमी. अंगातलं पाणी आटलं, थंडी बाधली, ताप आला किंवा अतोनात श्रम झाले की कळा सुरू होतात. आता मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत तेंदूपत्ता तोडणारी बाई डोळ्यांपुढे आणा. बाहेर जाताना आडोसा नाही म्हणून ती मुद्दामच पाणी कमी पिते.

इथे दोन शब्द नीट वेगळे ठेवायला हवेत. आई-बापांपैकी एकाकडूनच हे जनुक आलं तर ती व्यक्ती वाहक, अहवालात ‘एएस’. दोघांकडून आलं तर रुग्ण, म्हणजे ‘एसएस’. वाहक बाई सहसा ठणठणीत असते. तिचं हिमोग्लोबिन आठ असेल तर त्याला सिकल जबाबदार नाही, दुसरं कारण शोधायचं आणि लोह द्यायचं. "सिकल आहे ना, मग रक्त कमीच राहणार" म्हणून तिला परत पाठवणं ही एक चूक. उलट ‘एसएस’ मुलीला रक्त कमी दिसतं म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या चारणं ही दुसरी. तिच्या पेशी शरीरातच फुटतात, त्यातलं लोह शरीरातच राहतं, रक्त चढवलं असेल तर आणखी साठतं. तिला फॉलिक ॲसिड रोज हवं. लोह द्यायचं ते फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून. भारतात बऱ्याच रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त प्रमाणात टिकून असतं आणि ते पेशींना वाकू देत नाही. त्यामुळे काही बायकांचा आजार इतका दबून राहतो, की तो पहिल्यांदा कळतो तो पहिल्या बाळंतपणात.

आणि तेव्हा कळणं उशिराचं असतं. ‘एसएस’ बाईच्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा, जंतुसंसर्गाचा, दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका जास्त. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध चालू असेल तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने दिवस राहण्याआधीच थांबवावं लागतं. अशा बाईचं बाळंतपण तालुक्याला नाही, नागपूरला डागा, मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात व्हायला हवं, आणि ते तिसऱ्या महिन्यात ठरलेलं बरं.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे. तपासणी चांगलीच आहे. पण तिच्या अहवालाचं गावात काय होतं, हेही बघितलं पाहिजे. मुलगी वाहक निघाली की सोयरीक मोडते म्हणून आई कागद पेटीच्या तळाशी ठेवते. मुलाच्या कागदाची मात्र कुणी चौकशी करत नाही. गणित तर सोपं आहे: एक वाहक आणि एक निर्दोष, तर एकही मूल रुग्ण होणार नाही. दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात चारांत एक शक्यता रुग्ण मुलाची. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नाही. नाणं दर खेपेला नव्याने उडवलं जातं. मूल आजारी झालं की बोल मात्र आईलाच लागतो.

म्हणून गरोदर बाई वाहक निघाली की डॉक्टरांचं पुढचं वाक्य असतं, "नवऱ्याला घेऊन ये." तोही वाहक असेल तर दहा ते तेरा आठवड्यांच्या दरम्यान वारेचा कण तपासून बाळाचं कळू शकतं, आणि पुढचं त्या दोघांनी ठरवायचं. नवरा कुठे असतो? कोळसा खाणीत पाळीवर, नागपूरला बांधकामावर, रोवण्यावर. सोल्युबिलिटी या सिकलच्या प्राथमिक चाचणीला त्याच्या रक्ताचे एक-दोन थेंब आणि काही मिनिटं पुरतात. त्याला बोट पुढे करायला लावण्यात तिचा बहुतेक वेळा चौथा महिना लागतो.