नखाखालचा काळा डाग

जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली मेलानोमा, म्हणजे त्वचेचा एक कर्करोग, सापडला. फुटबॉल खेळताना लागलं असेल, असंच आधी वाटलं होतं. १९८१ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो गेला.

सावळ्या कातडीला मेलानोमा क्वचितच होतो, हे खरं. पण होतो तेव्हा बहुतेकदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. म्हणजे जिथे कोणी बघत नाही तिथेच!

त्वचारोगतज्ज्ञ आधी डर्मोस्कोपने, म्हणजे दिवा असलेल्या भिंगाने, डाग पाहतात. तळपायावरही ठशांसारख्या रेघा असतात. रंग त्यांच्यामधल्या खाचांत असेल, तर तो बहुधा साधा तीळ; उंचवट्यांवर पसरलेला असेल, तर संशय बळावतो. फरक केसाएवढा, पण फार कामाचा.

निदान मात्र बायोप्सीनेच पक्कं होतं. शक्य असेल तर अख्खा डाग काढतात, वरवर खरवडत नाहीत. कारण पेशी किती खोल गेल्यात हे पॅथॉलॉजिस्टला मोजायचं असतं. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये सुचवलेलं हे माप मिलिमीटरमध्ये देतात आणि पुढचे उपचार बरेचसे त्यावरच ठरतात.

नखावर नवी काळी रेघ उठून रुंदावू लागली, तर मलमं चोळत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.