बालीच्या माकडवनात माकड चावले किंवा ओरखडले, तर काय करावे?

बालीला जाणारे बरेच मराठी पर्यटक उबुद येथील ‘मंकी फॉरेस्ट’ पाहून येतात. पाडांगतेगल गावाने जपलेले हे पवित्र वन आहे. आत तीन मंदिरे आहेत आणि लांब शेपटीची हजाराहून अधिक माकडे मोकळी फिरतात. जागा सुंदर आहे, जरूर पाहा. पण माकड चावले किंवा त्याने ओरखडले, तर “जखम किरकोळ आहे, घरी गेल्यावर डॉक्टरांना दाखवू” असे म्हणून दिवस घालवू नका. उपचार त्याच दिवशी, बालीतच सुरू करायचे असतात.

धोका कशाचा?

पहिला धोका रेबीजचा. २००८ साली बालीत रेबीजची साथ आली आणि तेव्हापासून तेथे हा आजार आहे. तो मुख्यतः कुत्र्यांमुळे पसरतो. पण माकडासह कोणत्याही सस्तन प्राण्याला होऊ शकतो. लक्षणे दिसायला साधारण दोन-तीन महिने लागतात, आणि ती दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळेवर घेतलेली लस मात्र हा आजार टाळते.

दुसरा धोका ‘हर्पीस बी’ विषाणूचा. तो या जातीच्या माकडांत आढळतो आणि माकड निरोगीच दिसते. माणसाला त्याची लागण अत्यंत क्वचित होते, पण झाल्यास मेंदूला सूज येऊ शकते.

लगेच काय कराल?

• जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा. दोन्ही विषाणूंसाठी हा पहिला उपचार आहे.
• त्यावर पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका.
• माकडाची लाळ डोळ्यात किंवा तोंडात उडाली, तर भरपूर पाण्याने धुवा. रक्त आले नसले तरी हा प्रकार गंभीर धरला जातो.
• त्याच दिवशी दवाखान्यात जा.

रक्त न येता ओरखडा असेल, तर लस पुरते. रक्त आले असेल किंवा लाळ डोळ्यात-तोंडात गेली असेल, तर लशीबरोबर रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही लागते. ते तेथे मिळाले नाही, तरी लस थांबवू नका. पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत ते देता येते. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल आणि हर्पीस बीसाठीच्या गोळ्यांबद्दलही डॉक्टरांना विचारा.

रुग्ण नेहमी विचारतात

*‘दहा दिवस माकडावर लक्ष ठेवले तर?’* तो नियम फक्त कुत्रा आणि मांजरासाठी आहे, माकडाला लागू नाही.

*‘गरोदर बाईला, लहान मुलाला लस चालते का?’* हो, दोघांनाही ती सुरक्षित आहे.

*‘उरलेले डोस इथे घेता येतील का?’* येतील. तेथे दिलेल्या लशीचे नाव आणि तारीख लिहिलेला कागद जपून आणा. दंडात घ्यायच्या लशीचे डोस सहसा ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असतात. एकही चुकवू नका.

परतल्यावर महिनाभर जखमेकडे लक्ष ठेवा. तेथे फोड आले, बधिरपणा जाणवला, ताप किंवा डोकेदुखी सुरू झाली, तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि माकडाची गोष्ट आवर्जून सांगा.

चावा टाळण्यासाठी

• खाऊ, पाण्याची बाटली, प्लास्टिकची पिशवी हातात ठेवू नका. चष्मा सांभाळा.
• माकडाच्या डोळ्यात रोखून पाहू नका; त्याला ते आव्हान वाटते. दात दाखवणे म्हणजे हसणे नव्हे.
• त्याने वस्तू पळवली तर हिसकावू नका. तेथील कर्मचाऱ्यांना सांगा.
• पिल्लाजवळ जाऊ नका. फोटोसाठी माकड खांद्यावर घेऊ नका. लहान मुलांचा हात सोडू नका.

आपल्यापैकी अनेकांना माकडात मारुतीराया दिसतो. श्रद्धा असावी, पण नमस्कार लांबूनच करावा.

मुलांना घेऊन जाणार असाल, तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी रेबीजच्या प्रतिबंधक लशीबद्दल बोला. ती आधी घेतली असली तरी चावल्यावर दोन डोस घ्यावेच लागतात, पण इम्युनोग्लोब्युलिनची गरज सहसा उरत नाही.