ठिपके कुणापासून लपवतात?

करमाळा शहराला रेल्वे नाही; गाडी धरायची तर जेऊर स्टेशन गाठावं लागतं. तिकीट मात्र आता बरेचदा मोबाइलवर नाहीतर ऑनलाइन कामं करून देणाऱ्या दुकानात निघतं. त्याच दुकानात सातबारा मिळतो, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो. तालुक्यातल्या अशा कुठल्याही दुकानात गिऱ्हाईक पासवर्ड चारचौघांत मोठ्यानं सांगतं, चालक तो टाइप करतो आणि पडद्यावर काळे ठिपके उमटतात. ज्याला ऐकायचं त्यानं ऐकलेलं असतं. ठिपके निरुपयोगी आहेत असं नाही; पण ते ज्या चोराला अडवतात तो आपला मुख्य चोर नव्हे, आणि त्यांच्यापायी आपलं थोडं नुकसानही होतं.

ठिपक्यांचा पहारा फक्त पाठीमागून डोकावणाऱ्या नजरेवर असतो. संगणकाला खरी अक्षरं कळलेलीच असतात. ती वाटेत कुणाला वाचता येऊ नयेत हे काम एचटीटीपीएसचं, आणि साठवताना ती ओळखू येणार नाहीत अशी करून ठेवणं ही संकेतस्थळाची जबाबदारी. बनावट संकेतस्थळही तितकेच सुबक ठिपके दाखवतं, म्हणून ठिपके दिसले की निर्धास्त होणं धोक्याचं. संगणकावरच्या पासवर्डचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेतल्या एमआयटीत एकच यंत्र अनेकजण वाटून वापरू लागले तेव्हा पासवर्ड आले, आणि १९६२ मध्ये तिथल्याच ॲलन शेर या संशोधकानं वापराचा जादा वेळ मिळवण्यासाठी सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली. डोकावण्याची गरजच पडली नाही! पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेही बँकेच्या यंत्रणेत शिरून.

नुकसान कोणतं? दिसत नाही ते चुकीचं टाइप होतं, मोबाइलच्या बारक्या कीबोर्डवर तर फारच. दोन-तीनदा चुकलं, खातं अडकलं की माणूस सोपा पासवर्ड शोधतो: मुलाचं नाव आणि १२३, नाहीतर स्वतःचा मोबाइल नंबर. मग तोच सगळीकडे चालवतो, आणि एका ठिकाणचा फुटला की बाकीची दारंही उघडतात. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००९ मध्ये ठिपके बंदच करा असं सुचवलं. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी आधी दुजोरा दिला आणि काही दिवसांतच आपलं बहुधा चुकलं असं लिहिलं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनं २०१७ च्या मार्गदर्शनात मधला मार्ग घेतला: झाका, पण पाहायची सोय द्या. पासवर्डच्या चौकटीतलं डोळ्याचं चिन्ह ते हेच.

यावर कुणी म्हणेल, शहरात एकट्या खोलीत बसणाऱ्याचं ठीक आहे. आमच्याकडे एका फोनवर चार डोकी वाकलेली असतात, तिथं ठिपके हवेतच. आक्षेप रास्त आहे. एटीएमचा चार आकडी पिन किंवा यूपीआयचा चार-सहा आकडी पिन एका नजरेत पाठ होतो. तो झाकलेलाच असावा, आणि वर हाताचा आडोसाही. पण बारा-पंधरा अक्षरांचा पासवर्ड एकांतात, डोळा उघडून, नीट पाहून टाकायला काय हरकत? दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: ज्याला स्वतः टाइप करता येत नाही त्यानं काय करावं? त्याला चालकावर विसंबावंच लागतं, त्याबद्दल त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. अशा वेळी निदान बँकेशी जोडलेला पासवर्ड आणि दुकानात सांगायचा पासवर्ड वेगळे असावेत. ओटीपी सांगण्याआधी तो कशासाठी आला हे मेसेजमधून वाचून घ्यावं, आणि ब्राउझरनं पासवर्ड जपून ठेवू का असं विचारलं की चालकाला ‘नको’ दाबायला सांगावं. ‘हो’ दाबलं, तर पुढच्या वेळी त्या संगणकावर बसणाऱ्याला ठिपके आयते भरलेले मिळतात. खाली काय आहे हे ठाऊक नसतानाही तो थेट आत शिरतो.