चार खुर्च्यांचं टेबल

शनिवार, संध्याकाळचे सहा. पुण्यात डेक्कनच्या गुडलक कॅफेमध्ये दाराशी पाच-सहा जण जागेसाठी ताटकळत उभे आहेत. माझ्या शेजारच्या टेबलाशी पंचविशीतला एक मुलगा बसलाय, पाठ ताठ, इस्त्रीचा शर्ट, फोन हातात आणि नजर दाराकडे. वेटर दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्यानं सांगितलं, "येतीये एक जण, दोन मिनिटं."

ती येते. तोंडाला स्कार्फ, अंगात सनकोट, डोळ्यांवर गॉगल. पुण्यात गाडीवरून येणारी कुठलीही मुलगी अशीच दिसते, त्यामुळे तो अर्धवट उठतो आणि तसाच थांबतो. ती गॉगल काढून हात हलवते तेव्हा कुठे तो पुरता उभा राहतो. हात पुढे करावा की नाही हे त्याचं ठरेपर्यंत तिनं समोरची खुर्ची ओढलेलीही असते. बॅग शेजारच्या खुर्चीवर, हेल्मेट बॅगेवर.

मी कॉलेजच्या मुलांच्या एकांकिका बसवतो. प्रेमाचा पहिला प्रसंग आला की मुलं डोळे मोठे करतात, आवाज ओला करतात आणि हातापायांना पार विसरून जातात. या टेबलावर मला सगळं हातापायांतच दिसतंय. त्याचे दोन्ही तळवे मांड्यांवर घट्ट. तिचे हात स्कार्फच्या गाठीत गुंतलेले.

स्कार्फ सुटतो. केस चपटे होऊन कपाळाला चिकटलेत. ती ते कानामागे सारते, मान झटकते, पुन्हा कानामागे सारते. मोनिका मूर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८५ साली दोनशेहून जास्त स्त्रियांचं बारकाईनं निरीक्षण करून, पुरुषाला जवळ यायला सुचवणाऱ्या ५२ हावभावांची यादी छापली. केस झटकणं, केसांतून हात फिरवणं त्यात आहेच. पण इथे केस झटकण्याचं कारण अर्धा तास डोक्याला आवळलेला स्कार्फ आहे. सुटी खूण कशाचीच खूण नसते. तिच्या आधी काय झालं आणि पाठोपाठ काय येतं ते बघावं लागतं.

पाठोपाठ येतात दोन चहा आणि एक बनमस्का.

"फोटोत तू उंच वाटला होतास."

"आत्ता बसलोय म्हणून."

"मग उठ बघू."

"उठलो तर जागा जाईल." तो दाराशी उभ्या असलेल्या लोकांकडे मान करतो.

ती हसते. फार नाही, पण बोलताना टेबलावरून उचलून घेतलेला फोन ती आता पालथा घालून बाजूला ठेवते. मला हे हसण्यापेक्षा मोठं वाटतं.

धीर आल्यावर तो बोलत सुटतो. हरिश्चंद्रगड, नळीची वाट, रात्रीचा पाऊस, कुणाचा तरी घसरलेला पाय. सांगता सांगता त्याची कोपरं टेबलाचा मध्य ओलांडतात, छाती पुढे येते, बनमस्क्याची बशी तिच्याकडे सरकते. आणि ती हळूहळू मागे जाते. आधी चहाचा कप मागे येतो, मग खांदे, मग पाठ खुर्चीला टेकते. चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी आहे, "हो?", "बापरे" हेही वेळेवर येतंय. फक्त चेहरा बघणाऱ्याला सगळं छान चाललंय असंच वाटेल. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञानं १९६६ च्या पुस्तकात माणसामाणसांतली अंतरं मोजून मांडली. साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत फक्त अगदी जवळचं माणूस चालतं, असं त्यानं अमेरिकेतल्या लोकांबद्दल लिहिलंय. पुण्यातल्या बसमध्ये हा हिशेब कोण पाळणार? पण बसमध्ये कुणी तोंडावर तोंड आणून गड चढत नसतं.

मला त्याला हाक मारावीशी वाटते, जशी तालमीत मारतो: अरे, समोर बघ. आणि तो बघतो. वाक्याच्या मध्यावर त्याची नजर तिच्या मागे गेलेल्या कपावर पडते. तो थांबतो. कोपरं उचलून घेतो, मागे टेकतो, बशी मधोमध ढकलतो.

"मीच बोलतोय मघापासून. तुझं हॉस्पिटल कसं चाललंय?"

प्रेम जमवण्याच्या युक्त्या सांगणारे व्हिडिओ मी पाहिलेत. समोरची मागे रेलली तर काय करावं, हाताला ओझरता स्पर्श कधी करावा, नजर किती वेळ धरून ठेवावी. समोरच्या माणसाला कुलूप मानून किल्ल्या वाटणारा हा उद्योग मला मनापासून नकोसा वाटतो. या मुलाला असलं काही येत नसावं. त्याला दिसलं, म्हणून तो मागे सरला. पहिल्या भेटीत याहून देखणं काही मी क्वचितच पाहिलंय.

ती फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्याकडे एक आजी येतात, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या. गुडघा वाकवायचं नाव घेत नाहीत, पण दळण आणायला जायची घाई आहे. हे सांगताना तिचे हात पहिल्यांदाच मोकळे होतात. तर्जनी आणि मधलं बोट टेबलावर उभं करून ती आजींना चालवायला लागते. एक बोट ताठ, एक वाकलेलं. आजी मिठाच्या डबीला वळसा घालतात, बशीच्या कडेला टेकून श्वास घेतात, पुन्हा निघतात. बोलता बोलता आजी टेबलाच्या त्याच्या अर्ध्या भागात पोचतात. तो जागचा हलत नाही. हात मांडीवरून उचलून टेबलाच्या कडेवर ठेवतो, बस्स. बोटं त्याच्या कपाजवळ थांबतात आणि थोडा वेळ तिथेच राहतात.

आता तिची नजर खाली जाते, वर येते, त्याच्यावर ठरते, पुन्हा बशीकडे वळते. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात ३६ दृष्टी सांगितल्या आहेत, पापण्या आणि भुवयांचा हिशेब वेगळा. हालाच्या गाथासप्तशतीत महाराष्ट्री प्राकृत बोलणारी माणसं गावच्या गर्दीत डोळ्यांनीच एकमेकांना सगळं सांगून टाकतात. आपल्या मातीत हे काल-परवा आलेलं नाही.

तेवढ्यात वेटर येतो. मागे एक बाई आणि गणवेशातला, आठ-नऊ वर्षांचा मुलगा. "दोन जण आहेत, बसू द्या." गुडलक १९३५ पासून आहे आणि गर्दीच्या वेळी चार खुर्च्यांवर दोघांनी हक्क सांगायचा नसतो. तो उठतो. आता मायलेकांना एक बाजू द्यायची तर त्याला तिच्या शेजारी जावं लागणार. तिथे बॅग आणि हेल्मेट.

"तिकडे बसू का मी?" तो तिला विचारतो, बॅगेला हात न लावता.

ती बॅग उचलून मांडीवर घेते. हेल्मेट खाली, पायाशी. "ये ना."

तो बसताना खुर्ची किंचित बाहेरच्या बाजूला तिरकी करतो, खांदे भिडू नयेत म्हणून. समोरासमोरचे चेहरे गेले, आता दोघंही गणवेशातल्या मुलाकडे बघतायत. मला मात्र टेबलाखालचं दिसतं. तिचे बूट आधी दाराकडे वळलेले होते, ते आता त्याच्या दिशेला आहेत. पायांनी खोटं बोलणं नटालाही अवघड जातं, कारण पायांकडे त्याचं स्वतःचंच लक्ष नसतं.

मध्ये कधीतरी त्यांनी कॅरॅमल कस्टर्ड मागवलंय. ते आलं आणि तसंच पडून आहे. मुलगा त्याच्याकडे एकटक बघतो. आई मेनू वाचतेय.

"दादा, तुम्हाला हे नकोय का?"

"अरे!" आई कपाळाला हात लावते.

दोघं एकाच वेळी हसतात. एकोणिसाव्या शतकात द्युशेन या फ्रेंच डॉक्टरनं विजेचा हलका प्रवाह देऊन चेहऱ्याचे स्नायू तपासले आणि १८६२ साली लिहून ठेवलं की ओठ आज्ञेनं हसतात, डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र खऱ्या आनंदाशिवाय सहसा हलत नाही. सहा वाजता दोघांचे ओठ हसले होते. आता त्याच्या डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्यात, तिचे डोळे अर्धे मिटलेत आणि सावरताना तिचा हात त्याच्या मनगटावर टेकतो. लगेच निघतोही. तो मनगट हलवत नाही, पुढेही करत नाही.

कस्टर्डचे तीन भाग होतात. सगळ्यात मोठा मुलाला.

बिल येतं. थोडी ओढाताण होते, शेवटी अर्धं-अर्धं. इथे मला खरी काळजी वाटते, कारण इतक्या खुणांनंतरही माणूस घरी जाऊन "तिला आवडलो का?" हा प्रश्न मित्रांना विचारत बसतो. जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकानं अनोळखी स्त्री-पुरुषांच्या जोड्या बोलायला बसवून पाहिल्या. समोरचा फ्लर्ट करत नसेल तर ते बहुतेकांना कळतं. करत असेल तर बहुतेकांच्या नजरेतून निसटतं. म्हणजे शेवटी तोंडानं विचारावंच लागतं.

तो विचारतो. उभा राहून, खुर्ची आत सरकवत, जायचा रस्ता तिच्यासाठी मोकळा ठेवून.

"मला अजून थोडा वेळ गप्पा मारायला आवडेल. तुला घाई असेल तर तसं सांग, चालेल मला."

ती घड्याळ बघते. "साडेसातला निघायचंय मला. आई वाट बघते." मग हेल्मेट उचलून त्याच्या हातात देते. "हे धर. फर्ग्युसनच्या गेटपर्यंत चालत जाऊन येऊ. आणि नळीच्या वाटेचं पुढे काय झालं ते सांग, पण थोडक्यात."

वेटर फडका मारतो आणि दाराकडे बघून ओरडतो, "दोन जण, या!"