सूचना वाचली, तर माहिती वाचते

आपल्या लेकीसुना आता शिकून ॲप तयार करतात. ते रात्रंदिवस चालायला कायम चालू असलेला संगणक लागतो. तो भाड्याने मिळतो. त्यालाच क्लाउड प्लॅटफॉर्म म्हणतात. बाजारातल्या गाळ्यासारखंच हे. माल आपला, वीज, डागडुजी, राखण मालकाची.

पण गाळ्याचे नियम मालक बदलू शकतो. हेरोकू ही २००७ साली सुरू झालेली अशीच सेवा. तिथे छोटं ॲप फुकट चालायचं, म्हणून शिकणारे पुष्कळजण पहिलं ॲप तिथेच ठेवत. ऑगस्ट २०२२मध्ये कंपनीने जाहीर केलं, की २८ नोव्हेंबरपासून फुकट सोय बंद होणार आणि फुकट ठेवलेली माहिती पुसली जाणार. म्हणजे हातात तीन महिने होते. ज्यांनी सूचना वाचली, त्यांना माहितीची प्रत काढून ठेवता आली.

म्हणून तीन गोष्टी सांभाळू या. खात्याला रोज पाहतो तोच ईमेल द्यावा. बदलांच्या नोंदी महिन्यातून एकदा तरी वाचाव्यात. गटाचा हिशेब असेल, तर त्याची प्रत आपल्याजवळही ठेवावी.

अडलं तर विचारायला लाजू नये. जँगो गर्ल्स हा उपक्रम २०१४ साली दोन पोलिश प्रोग्रामर मुलींनी बायकांसाठी सुरू केला. त्यांचा वेबसाइट बनवायचा धडा मोफत आहे. पाचजणींनी मिळून तो वाचला, तर एकीचं अडलेलं दुसरी सोडवते.