दहा-वीस लिटरचा पीसी: काय मावतं आणि काय चालतं

टेबलावर मॉनिटरशेजारी मावेल एवढाच, पण नवे गेम चालवणारा आणि फोर-के व्हिडिओचं एडिटिंग पेलणारा पीसी हवा, असं सांगून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी केली की "छोट्यात गरम होईल, मोठं कॅबिनेट घ्या" हे उत्तर हमखास मिळतं. दुकानदाराचीही बाजू आहे. त्याच्याकडे रोज खपतात ते मायक्रो-एटीएक्स बोर्ड आणि मोठे एसएमपीएस. छोट्या कॅबिनेटचे भाग बरेचदा मागवून घ्यावे लागतात. पण या एका वाक्यावर विसंबून काही जण नको असलेला मोठा टॉवर घरी आणतात, तर काही जण हट्टाने छोटं कॅबिनेट घेऊन त्यात चुकीचे भाग कोंबतात. ही दुसरी चूक जास्त महाग पडते, कारण छोट्या कॅबिनेटमध्ये एक भाग बदलला की त्याच्यामागून आणखी दोन बदलावे लागतात.

खरा घोळ निवडीच्या क्रमात असतो. बहुतेकांची सुरुवात कॅबिनेटच्या देखण्या फोटोपासून होते. सुरुवात व्हायला हवी कामापासून: कोणते गेम, कोणत्या रिझोल्यूशनला आणि कोणत्या कॅमेऱ्याचं फुटेज. त्यावरून ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर ठरतो, आणि ही जोडी ज्यात मावेल ते कॅबिनेट घ्यायचं.

"छोट्या कॅबिनेटमध्ये पीसी तापतोच"

उष्णता वॉटमधून येते. प्रोसेसर आणि कार्ड मिळून ४०० वॉट वीज खात असतील तर ४०० वॉट उष्णताच बाहेर पडणार, कॅबिनेट केवढंही असो. छोट्या कॅबिनेटमध्ये ती बाहेर काढणारा हीटसिंक लहान असतो आणि पंख्यांना जागा कमी असते, एवढाच फरक. म्हणून इथे किमतीच्या आधी वॉटचा आकडा वाचायचा.

एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्स या प्रोसेसरवर १७० वॉट लिहिलेलं असतं, पण पूर्ण भार आला की तो २३० वॉटपर्यंत जातो. दहा लिटरच्या कॅबिनेटमध्ये मावणाऱ्या बुटक्या कूलरला हे झेपत नाही. गेमिंगसाठी नावाजलेल्या रायझन ७ ७८००एक्स३डीवर १२० वॉट लिहिलंय, आणि प्रत्यक्ष खेळताना तो त्याच्या बराच खाली राहतो. त्याचा वेग येतो ९६ एमबीच्या मोठ्या कॅशमधून, वीज ओढण्यातून नाही. छोट्या कॅबिनेटला असेच प्रोसेसर मानवतात.

मोठा प्रोसेसर हवाच असेल तर बायोसमध्ये त्याच्या विजेवर मर्यादा घालता येते. एएमडीच्या बोर्डांवर याला इको मोड म्हणतात. शेवटच्या थोड्याशा वेगासाठी हे प्रोसेसर प्रमाणाबाहेर वीज खातात, त्यामुळे मर्यादा घातली की उष्णता खूप उतरते आणि वेग त्या मानाने थोडाच. ग्राफिक्स कार्डाचंही तसंच आहे.

एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या खरेदीदाराने नीट लक्षात घ्यावी. परदेशी चाचण्यांमधले तापमानाचे आकडे बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीतले असतात. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात खोलीच चाळीस अंशांना टेकली, तर आतल्या प्रत्येक भागाचं तापमान साधारण त्या फरकाएवढ्याच अंशांनी चढतं. रायझन ७००० मालिकेतले साधे प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत आणि एक्स३डी ८९ अंशांपर्यंत चालतील असेच बनवलेले आहेत, त्यामुळे नव्वदीच्या आसपासचा आकडा पाहून घाबरायला नको. पण ती मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, आणि त्याआधी पंखे किंचाळू लागतात. चाचणीत ज्या कूलरला जेमतेम काठावर पास केलंय, तो विदर्भासाठी घेऊ नये.

"एडिटिंग करायचंय ना? मग जास्तीत जास्त कोअर घ्या"

हा गैरसमज सर्वांत खोल रुजलेला आहे आणि सर्वांत जास्त पैसे खातो.

कॅमेरा किंवा फोन एच.२६४ किंवा एच.२६५ पद्धतीने व्हिडिओ साठवतो तेव्हा बहुतेक वेळा पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवलं जातं. मधल्या चित्रांच्या जागी फक्त काय बदललं याची नोंद असते. फाइल लहान होते ती यामुळे. पण टाइमलाइनवर प्लेहेड मागे ओढला की संगणकाला आधीच्या पूर्ण चित्रापासून सगळं पुन्हा उलगडत यावं लागतं. हे काम सामान्य कोअरवर टाकलं तर महागडा प्रोसेसरही अडखळतो. म्हणून ग्राफिक्स कार्डात आणि काही प्रोसेसरांच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये फक्त डिकोडिंगसाठी वेगळी यंत्रणा असते. ती थोडक्या विजेत हे काम उरकते. छोट्या पीसीला याहून मोठी मदत दुसरी नाही.

मात्र ही यंत्रणा प्रत्येक फुटेज ओळखत नाही. फोनचं फुटेज बहुधा ४:२:० असतं, म्हणजे दर चार पिक्सेलमागे रंगाची एक नोंद. ते सगळीकडे चालतं. लग्नाचं चित्रीकरण करणारे अनेक जण आता १०-बिट ४:२:२ मध्ये शूट करतात. त्यात दर दोन पिक्सेलमागे रंगाची नोंद असते आणि ग्रेडिंगला वाव मिळतो. इथे गाडी अडते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेपर्यंतच्या कार्डांना ४:२:२ डिकोड करता येत नाही, मग ते ४५० वॉटचं आरटीएक्स ४०९० का असेना. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या अंगभूत ग्राफिक्सला एच.२६५ मधलं ४:२:२ जमतं. त्या यंत्रणेचं नाव क्विक सिंक. म्हणूनच कित्येक वर्षं एडिटरांना इंटेल सुचवलं जायचं. त्यातही नावाच्या शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर थोडा स्वस्त म्हणून घेतला तर त्यात अंगभूत ग्राफिक्सच नसतं, म्हणजे ज्यासाठी इंटेल घ्यायचं तेच नेमकं गेलं.

२०२५ च्या सुरुवातीला आरटीएक्स ५० मालिका आली आणि चित्र पालटलं. ही कार्डं एच.२६४ आणि एच.२६५ या दोन्हींमधलं ४:२:२ डिकोड करतात. हा तपशील सोनीच्या कॅमेऱ्यांसाठी मोलाचा आहे: त्यांचं एक्सएव्हीसी एचएस हे एच.२६५ असतं, पण एक्सएव्हीसी एस हे एच.२६४. दुसऱ्या प्रकारातल्या ४:२:२ फुटेजला क्विक सिंकचा उपयोग होत नाही, आरटीएक्स ५० चा होतो. म्हणजे आता गेमिंगसाठी एक्स३डी प्रोसेसर आणि एडिटिंगच्या डिकोडिंगसाठी आरटीएक्स ५० मालिकेतलं कार्ड, अशी जोडी एकाच छोट्या कॅबिनेटमध्ये दोन्ही कामं नीट करते. १८० वॉटचं आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी मेमरीत मिळतं. मला छोट्या पीसीसाठी ते ८ जीबीवाल्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचं वाटतं, कारण फोर-के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन टाकलं की ८ जीबी पटकन संपतात.

सॉफ्टवेअरही पाहावं. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती विंडोजवर या डिकोडिंग यंत्रणेचा पुरता वापर करत नाही. त्यासाठी स्टुडिओ आवृत्ती विकत घ्यावी लागते. कार्डावर हजारो रुपये जास्त घालण्याआधी हा हिशोब मांडावा.

नवीन काही घेण्यापूर्वी असलेल्या संगणकावर एक तपासणी करता येते. मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर फुटेज एच.२६४ आहे की एच.२६५, ४:२:० की ४:२:२, हे लगेच सांगतं. मग एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ती क्लिप लावा, विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयू निवडा आणि प्लेहेड पुढे-मागे ओढा. 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख उसळला तर यंत्रणा कामाला लागली आहे. तो तळाशी पडून राहिला आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांकडे गेला, तर तुमचं हार्डवेअर किंवा सॉफ्टवेअर ते फुटेज ओळखत नाही. तेव्हा सोळा कोअर घेण्यापेक्षा प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवून काम करणं बरं. त्याला पैसे पडत नाहीत.

"कॅबिनेटवर लिहिलंय ना, एवढं लांब कार्ड बसतं"

लांबी हे तीनांपैकी एकच माप आहे. जाडी आणि उंचीही मोजावी लागते, आणि बहुतेकांची फसगत उंचीत होते. कार्डाची उंची १३७ मिलीमीटर असेल आणि कॅबिनेटमध्ये १४५ मिलीमीटर जागा असेल, तर कार्ड बसतं, पण त्याच्या वरच्या कडेला लागणारी वीजवाहिनी बसत नाही. नव्या कार्डांचा बारा-व्होल्टचा सोळा पिनांचा कनेक्टर पूर्ण आत दाबला गेला पाहिजे, आणि त्याची केबल तोंडापासून लगेच वाकवायची नसते. साधारण ३५ मिलीमीटर सरळ जाऊ द्यावी, मग वळवावी. बाजूची काच केबलवर दाब देऊन जबरदस्तीने लावली तर कनेक्टर किंचित तिरका होतो, संपर्क बिघडतो आणि तिथेच उष्णता साठते. हे कनेक्टर वितळल्याच्या घटना झालेल्या आहेत. झाकण हलक्या हाताने बसत नसेल तर ते कार्ड त्या कॅबिनेटसाठी नाही.

कार्ड बोर्डाच्या पाठीला पाठ लावून बसवणाऱ्या कॅबिनेटमध्ये रायझर केबल लागते. ती पीसीआय-एक्सप्रेसच्या जुन्या तिसऱ्या पिढीची असेल आणि कार्ड चौथ्या पिढीचं, तर कधी काळा पडदा, कधी गेममधून अचानक बाहेर, असे प्रकार होतात आणि दोष कार्डाला दिला जातो. बायोसमध्ये स्लॉट तिसऱ्या पिढीवर ठेवून पाहा. गेममधला फरक बहुधा जाणवत नाही.

"हजार वॉटचा एसएमपीएस घ्या, निर्धास्त राहा"

एसएमपीएस जेवढी मागणी तेवढीच वीज देतो. २०० वॉटचं कार्ड, शंभर-सव्वाशे वॉटचा प्रोसेसर आणि बाकी सगळं मिळून पन्नास-साठ, ही बेरीज ४०० च्या आत राहते. चांगल्या प्रतीचा ६५० किंवा ७५० वॉटचा एसएमपीएस त्याला भरपूर झाला. छोट्या कॅबिनेटला एसएफएक्स आकाराचा लागतो: १२५ मिलीमीटर रुंद, ६३.५ उंच, १०० खोल. नेहमीचा एटीएक्स १५० रुंद आणि ८६ उंच असतो, तो तिथे शिरतच नाही. '८० प्लस गोल्ड' हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. आवाज किंवा टिकाऊपणा त्यावरून कळत नाही.

आपल्याकडे याहून महत्त्वाचा प्रश्न यूपीएसचा आहे. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. गेम किंवा रेंडर चालू असताना वीज गेली की तो ओव्हरलोड होऊन लगेच बंद पडतो आणि काम अर्धवट राहतं. पीसीच्या बजेटमध्ये यूपीएस पहिल्या दिवसापासून धरावा.

"सर्वांत वेगवान एसएसडी घेतली की एडिटिंग पळतं"

१०० मेगाबिटचं फोर-के फुटेज सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच वाचायला लावतं. प्रोरेस ४२२ एचक्यूसारखं जड फुटेज २५ फ्रेमला सेकंदाला ९२ मेगाबाइटच्या आसपास. चौथ्या पिढीची साधी एनव्हीएमई एसएसडी सात हजारांपर्यंत जाते, त्यामुळे पाचव्या पिढीचे जादा पैसे टाइमलाइनवर दिसत नाहीत, आणि ती तापतेही जास्त. अनेक मिनी-आयटीएक्स बोर्डांवर दुसरी एसएसडी बोर्डाच्या मागच्या बाजूला बसते, जिथे हवा जवळपास पोचत नाही. तिथे कमी राबणारी ड्राइव्ह लावावी.

रॅमच्या बाबतीत मात्र आधीच हात सैल सोडावा. मिनी-आयटीएक्सवर दोनच स्लॉट असतात. १६ जीबीच्या दोन घेतल्या तर पुढे वाढवायला जागा नाही, जोडीच विकून दुसरी घ्यावी लागते.

"छोटा पीसी म्हणजे मिनी-आयटीएक्सच"

मिनी-आयटीएक्स हा १७० मिलीमीटर चौरसाचा बोर्ड व्हिया कंपनीने २००१ मध्ये आणला. त्यावर एकच मोठा स्लॉट असतो आणि किंमत मायक्रो-एटीएक्सपेक्षा चांगलीच जास्त. दहा लिटरच्या फ्रॅक्टल टेरासारख्या कॅबिनेटसाठी त्याला पर्याय नाही. कूलर मास्टरच्या साधारण अठरा लिटरच्या एनआर२०० मध्येही तोच लागतो, पण तिथे उंच टॉवर कूलर मावतो आणि तापमानाची निम्मी काळजी मिटते. बॅगेत घालून पीसी शूटवर न्यायचा असेल, तर हा खर्च रास्त आहे.

पण पीसी टेबलावरून हलणारच नसेल, तर लियान लीच्या ए३ सारखी सव्वीस लिटरची मायक्रो-एटीएक्स कॅबिनेटं जरूर पाहावीत. दुकानात सहज मिळणारा बोर्ड, बहुतेक बोर्डांवर रॅमचे चार स्लॉट, नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस आणि १६५ मिलीमीटर उंचीपर्यंतचा कूलर, हे सगळं त्यात येतं. वाचलेल्या पैशात कार्ड एक पायरी वरचं घेता येतं. आणि गेम दुय्यम असून पोट एडिटिंगवरच चालत असेल, तर २०२४ चा एम४ मॅक मिनी जेमतेम पावणेतेरा सेंटिमीटर चौरसाचा आहे आणि एच.२६५ चं ४:२:२ तसंच प्रोरेस, दोन्ही त्याच्या हार्डवेअरमध्येच उलगडतात. त्याची रॅम पुढे वाढवता येत नाही आणि बरेच गेम त्यावर येतच नाहीत, हे मात्र पैसे देण्याआधी पक्कं ठाऊक असावं.