आधी माल की आधी पैसा?

मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, सेंट्रल स्थानकालगत असलेल्या मूर मार्केटमध्ये, १९८५ साली ते आगीत भस्मसात होईपर्यंत, जुन्या पुस्तकांचा मोठा व्यापार चाले. तेथे एका हाताने पुस्तक घ्यावे व दुसऱ्या हाताने पैसे द्यावेत, असा रोकडा व्यवहार असे.

ग्राहक व विक्रेता एकमेकांपासून दूर असले, की प्रश्न उभा राहतो. टपाल खात्याने १८७७ साली सुरू केलेली व्ही. पी. पद्धती हे त्याचे एक उत्तर होते. पैसे भरल्यावाचून पार्सल हाती पडत नसे, आणि ते पैसे टपाल खातेच विक्रेत्याकडे पोहोचवी.

२०१६ साली आलेल्या यूपीआय पद्धतीत पैसा क्षणार्धात पोहोचतो; परंतु मालाची हमी घेणारा असा मध्यस्थ तीत नाही. समजा, मैलापुरातील एका गृहस्थाने जुनी सायकल विकावयास काढली. अनोळखी ग्राहक त्याला क्यूआर कोड पाठवून सांगतो, "हा स्कॅन करून पिन घाला, म्हणजे पैसे जमा होतील." फसवणूक नेमकी येथेच आहे. पिन घालणे म्हणजे पैसे देण्यास संमती देणे होय. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

म्हणून ग्राहकाने वस्तू समक्ष पाहूनच पैसे द्यावेत. विक्रेत्याने दाखविलेल्या पावतीवर न विसंबता रक्कम स्वतःच्या खात्यात जमा झाल्याची खात्री करावी. धनादेश असल्यास तो वटेपर्यंत माल देऊ नये. फसगत झालीच, तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे. रक्कम काढून घेतली जाण्यापूर्वी ती गोठविली जाण्याची शक्यता तेवढ्यातच असते.